परत येणारे डबे

“मीठ कमी करून पाहिलं. आठवड्यातून दोनदा माशाचं कालवण घातलं. भात मऊ केला, आमटी पातळ केली. आता आणखी काय बदलू, आक्का?”

“चप्पल काढ आधी,” आक्का म्हणाल्या.

सौमित्र चप्पल घालूनच स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने चप्पल काढली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी जरा मोठ्या आवाजात.

आक्का विळीवर बसून नारळ खवत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

यमुनाआक्का म्हणजे आमच्या गुरू. त्यांना गुरू म्हटलेलं मात्र मुळीच खपत नसे. सगळा जन्म त्यांनी आंबेखोलच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. गावातली पोरं मुंबईला गेली, त्यांची पोरं तिकडेच जन्मली, आणि एक दिवस शाळा बंद पडली. आक्कांनी ती इमारत ग्रामपंचायतीकडून मागून घेतली आणि तिथे मोठ्या माणसांची शाळा काढली.

लोकांची एखादी अडचण घ्यायची, तिच्यावर नवा उपाय काढायचा आणि तो गावात चालवून दाखवायचा, हे तिथे शिकायचं. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. ज्याने उपाय काढला त्यानेच तो राबवायचा, एवढा एकच नियम. गावातले काही जण या शाळेला ‘आक्कांचे उद्योग’ म्हणत, आणि अगदीच चुकीचं म्हणत नसत.

मीही तिथे शिकायला आलो होतो, पण स्वयंपाकालाच चिकटलो. म्हणून हे सगळं मला शेगडीपाशी बसून ऐकायला मिळालं.

सौमित्र पुण्याचा. मोठ्या संस्थेत डिझाइन शिकलेला, परदेशातलं बक्षीस मिळवलेला, आणि या दोन्ही गोष्टी दिवसातून एकदा तरी बोलण्यात आणणारा. पण कामाला वाघ होता. तेवढं मान्य करायलाच हवं.

आंबेखोलमध्ये म्हातारी माणसं एकेकटी राहतात. रांधायचा कंटाळा करतात आणि चहा आणि बेकरीतल्या बटरवर दिवस काढतात. सौमित्रने बचत गटाच्या बायकांना हाताशी धरून एक स्वयंपाकघर उभं केलं आणि दुपारी रिक्षाने घरोघरी गरम जेवणाचा डबा पोचवायला सुरुवात केली. डबा त्याने स्वतः घडवला होता. संधिवाताच्या बोटांनाही सहज उघडावं असं झाकण, आणि आतलं अन्न संध्याकाळपर्यंत गरम. मुंबईच्या एका ट्रस्टने पैसे दिले. पावसाळाभर सगळे खूश होते.

मग एकेक दार बंद व्हायला लागलं.

“आज?” आक्कांनी विचारलं.

“निम्म्याहून जास्त परत आले. न उघडता.”

“काय म्हणतात?”

“काहीच म्हणत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. कुणाला भूक नसते. कुणाचा उपास असतो. कुणाचं पोट बिघडलेलं असतं. जेवण कसं आहे विचारलं, तर सगळे म्हणतात छान आहे.”

“मग छान असेल.”

“आक्का, थट्टा नको.”

आक्कांनी नारळाची वाटी फिरवून घेतली आणि पुन्हा खवायला लागल्या.

“शनिवारी ट्रस्टची माणसं बघायला येताहेत,” सौमित्र म्हणाला. “डबे असेच परत येत राहिले, तर ते पैसे थांबवणार. तसं फोनवर स्पष्ट सांगितलंय त्यांनी.”

“मग बंद करून टाक.”

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी शेगडी बारीक केली.

“नाही करणार.”

“का? दुसरं काहीतरी काढ. तुला काय, सुचत असतं.”

“सुभद्राआजी मरेल,” सौमित्र म्हणाला.

एवढं सरळ वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. एरवी तो ‘वयोवृद्ध लाभार्थी’ वगैरे म्हणायचा.

सुभद्राआजी वरच्या वाडीत एकटीच राहायची. डबा सगळ्यांत आधी तिने घेतला होता, आणि सगळ्यांत आधी बंदही तिनेच केला. आरोग्य केंद्राच्या आशाताई दर महिन्याला वजन करून जात, ते उतरतच चाललं होतं. गेल्या आठवड्यात ती विहिरीपाशी चक्कर येऊन पडली होती.

“घरात तांदूळ नाही का तिच्या?” आक्कांनी विचारलं.

“भरपूर आहे. मुलगा पैसे पाठवतो, वाणी सामान घरी पोचवतो. पण ती चूल पेटवत नाही. म्हणते, एकटीसाठी काय पेटवायची.”

“असं म्हणाली?”

“हो. सुरुवातीलाच म्हणाली होती.”

आक्कांनी विळी आडवी केली.

“मी हे सोडणार नाही, आक्का. वर्ष लागलं तरी चालेल, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं तरी चालेल. फक्त चूक कुठे आहे, तेवढं सांगा.”

“मला काय ठाऊक? मी कुठे तुझा डबा खाल्लाय?”

सौमित्रने पिशवीत हात घालून एक डबा बाहेर काढला.

“हा सुभद्राआजीचाच. नको म्हणते तरी रोज पाठवतो. आत्ता परत आला. तुम्हीच खाऊन बघा.”

आक्कांनी हात धुतले आणि पाट घेतला. झाकण एका बोटाने उघडलं, तशी आतून वाफ आली. भात होता, काळ्या वाटाण्याची आमटी होती, लाल माठाची भाजी होती. आक्का सावकाश जेवल्या. सौमित्र त्यांच्या तोंडाकडे असा बघत होता, जणू काही निकाल तिथेच लागणार होता.

डबा संपला.

“चांगलं आहे. मीठ बरोबर आहे. आणि झाकण तर फारच सुरेख केलंयस.”

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. स्तुतीने त्याचं काम होण्यासारखं नव्हतं.

आक्का मोरीवर गेल्या. डबा घासला, धुतला, कोरड्या फडक्याने पुसला. मग फळीवरची बरणी उतरवली, तिच्यातून मूठभर आमसुलं काढून डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा त्याच्यापुढे धरला.

“हे काय?”

“आमसुलं.”

“नको, आक्का. रिकामाच द्यायचा असतो. झाकणावर लिहिलंय बघा.”

आक्कांनी चष्मा लावला. पहिलीच्या वर्गात धडा वाचतात तसं एकेक शब्द सुटा करून वाचलं.

“कृपया… डबा… स्वच्छ धुऊन… रिकामा… परत करावा.”

“हो.”

“खाली चित्रही आहे.”

“ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. रिकामा डबा, आणि त्यावर बरोबरची खूण.”

“हे कधी लावलंस?”

“दसऱ्याच्या सुमारास.”

“त्याआधी डबे कसे परत यायचे?”

“काहीही भरून यायचे, आक्का! कढीपत्ता. चिंच. एखादं लिंबू. एका आजोबांनी अबोलीची फुलं घातली होती. सुभद्राआजीने तर एकदा कागदात बांधून नुसतं मीठ पाठवलं. चिमूटभर मीठ! काय करायचं मी त्याचं?”

“काय केलंस?”

“टाकून दिलं. मुंग्या यायच्या, झाकणाची रबरी कडा खराब व्हायची. एकेक डबा उघडून साफ करण्यात बायकांचा सगळा वेळ जायचा.”

मला त्या क्षणी त्याचा फार राग आला. त्याला मात्र अजून काहीच दिसत नव्हतं. तो डब्यासाठी हात पुढे करून उभा होता.

आक्का डबा देईनात.

“सौमित्र, तुझ्या आईकडे शेजारणीची वाटी आली, की ती परत कशी जायची?”

“कसली वाटी?”

“कसलीही. शिऱ्याची, आमटीची.”

“जायची की. मीच नेऊन द्यायचो. आई घासून, पुसून…”

तो थांबला.

“घासून, पुसून?” आक्का म्हणाल्या.

“…साखर घालून.”

“आणि घरात साखर नसली तर?”

“चिमूटभर मीठ,” तो पुटपुटला. पुढे केलेला हात त्याने हळूहळू मागे घेतला. मग भिंतीला टेकून खालीच बसला.

बाहेर कुणीतरी गुरं हाकत गेलं.

“डबे कधीपासून नाकारायला लागले?” आक्कांनी विचारलं.

“दिवाळीच्या आधीपासून.” तो बोटांवर मोजायला लागला. “म्हणजे… लेबल लावल्यावर लगेच. मला वाटलं, फराळामुळे असेल.”

आक्कांनी डबा फळीवर ठेवून दिला.

खरं सांगायचं तर आता माझा राग गेला होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं. पण सौमित्र फार वेळ बसून राहणाऱ्यांतला नव्हता. तो उठला, आणि बोलायलाही लागला.

“आजच सगळी लेबलं खरवडून काढतो.”

“काढ. आणि?”

“आणि नवी लावतो. ‘डब्यातून काहीही पाठवलं तरी चालेल.’”

मला हसू आलं. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, तसं मी ते गिळलं.

“चालेल?” आक्का त्याला म्हणाल्या.

“नाही… ते बरोबर नाही.” तो येरझारा घालायला लागला. “मग माफी मागतो. दारोदार जाऊन मागतो.”

“माग. ते म्हणतील, अरे त्यात काय एवढं. आणि उद्या पुन्हा भूक नसेल.”

“मग मी त्यांना देऊ तरी काय?”

आक्कांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

“तू जेवलास?”

“नाही. सकाळपासून रिक्षाबरोबर होतो.”

“बरं झालं. इथे जेवू नकोस. वरच्या वाडीत जा, सुभद्रेच्या दारात उभा राहा आणि तिच्याकडे जेवायला माग.”

“तिच्याकडे? आक्का, ती स्वतः उपाशी आहे!”

“म्हणूनच तिच्याकडे.”

तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्या पुन्हा विळीवर बसल्या होत्या.

“तूही जा,” त्या मला म्हणाल्या. “एकटा गेला, तर वाटेत याची एखादी योजना तयार होईल.”

मीही जेवलो नव्हतो. हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

वरच्या वाडीला जांभ्या दगडाची चढण आहे. सौमित्र एरवी दोन-दोन पायऱ्या चढतो. त्या दिवशी एकेक चढत होता.

“सोबत थोडी फळं घेऊ या का?” मध्येच त्याने विचारलं.

“नको.”

“पण रिकाम्या हाताने…”

“मागायला जातोयस ना?”

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा थांबला.

“म्हणायचं काय पण?”

“भूक लागलीय म्हण. लागलीय ना?”

त्याने पोटावर हात ठेवला. “लागलीय रे,” तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलेलं दिसलं.

सुभद्राआजीचं दार लोटलेलं नव्हतं, आतून कडी होती. दिवसाढवळ्या कडी लावायची आमच्याकडे रीत नाही. सौमित्रने दार वाजवलं.

“आजी, मी सौमित्र.”

“डबो नको माका,” आतून आवाज आला. “सांगलंय मा तुका?”

“डबा नाही आणला.”

“मगे कित्याक इलस?”

सौमित्रने तोंड उघडलं आणि मिटलं. मोठमोठ्या सभांमध्ये फाडफाड इंग्रजीत बोलतानाचे त्याचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिले होते, त्यानेच दाखवले होते. इथे तीन-चार शब्द बाहेर पडेनात. मी कोपराने ढोसलं.

“भूक लागलीय, आजी,” तो म्हणाला. “जेवायला वाढाल का?”

दार बंदच राहिलं. तो मागे फिरेल असं मला वाटलं, पण तो हलला नाही.

मग कडी निघाली.

आजी दाराला धरून उभी होती. अंगावरचं लुगडं तिला दुसऱ्या कुणाचं तरी असावं इतकं सैल झालं होतं. तिने सौमित्रला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“माज्याकडे मागतंस?”

“हो.”

“आणि तुजे ते रिक्षाभर डबे?”

“त्यातलं नको.”

“ह्यो कोण?”

“हाही उपाशी आहे,” सौमित्र म्हणाला.

“दोघव उपाशी फिरतत, आणि म्हणे म्हाताऱ्यांक जेवण वाडतत!” आजीने दार पुरतं उघडलं. “भायर कित्याक उभे? भितर येवा. पाय धुवा आधी.”

चुलीत मांजर निजलं होतं. आजीने त्याला “हट मेल्या” म्हणून उठवलं, राख ओढली आणि मागच्या पडवीतून लाकडं आणायला सौमित्रला पिटाळलं. तो ओली लाकडं घेऊन आला. तिने परत पाठवला. मग सुकी आणली.

चूल पेटली. आजीने उकड्या तांदळाची पेज ठेवली आणि त्याच्यापुढे एक नारळ टाकला.

“सोल.”

नारळ सोलायचं डिझाइन त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो कोयत्याशी झटापट करत होता, घामाघूम झाला होता. आजी थोडा वेळ बघत राहिली आणि मग हसायला लागली. दात नव्हते, त्यामुळे सगळा चेहराच हसत होता.

“पुण्याक नारळ सोलूक शिकवनत नाय?”

“नाही, आजी.”

“मगे काय शिकवतत?”

नारळ शेवटी तिनेच सोलला.

पेजेला वेळ लागतो. आजी चुलीपाशी बसून लाकडं सारत होती. सौमित्र खवत होता. मध्येच ती चुलीकडे बघतच म्हणाली,

“माका वाचूक येता हां.”

सौमित्रचा हात थांबला.

“चौथी शिकलंय मी. तू झाकणार लिवलंस तां वाचलंय. रिकामो डबो मी कोणाक देवचंय नाय. माज्या सासूक सुदीक कदी दिलंय नाय.”

“चुकलं, आजी.”

पेज उतू जायला आली, तिने झाकण सरकवलं.

“चुकला तर चुकला. खोबरा खव.”

तो मान खाली घालून खवायला लागला. त्याचे डोळे ओले झाले होते, आणि ते धुरामुळे नव्हते. आजीने ते पाहिलं असणार, कारण तिने त्याला मुद्दामच नारळाची आणखी एक कवड खवायला दिली.

ताटं मांडली. पेज, खोबऱ्याची चटणी, आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. सौमित्र मासे खात नाही. डब्यात कालवण घातलं, तरी स्वतः कधी चाखलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने ताट जवळ ओढलं.

आजी वाढायला उभी होती.

“तुम्ही बसा ना, आजी.”

“पावण्यांआदी?”

“मग मी थांबतो.”

“पेज निवतली रे.”

“निवू दे.”

त्याने हात मांडीवर ठेवले. आजीने दोनदा सांगून पाहिलं, एकदा रागावून पाहिलं. तो ढिम्म. मला कडकडून भूक लागली होती आणि या दोघांचं काही आटपत नव्हतं.

“हट्टी आसा ह्यो,” आजी मला म्हणाली.

“फार,” मी म्हणालो.

शेवटी ती बसली. जरा बाजूला, भिंतीकडे पाठ करून. वाडग्यात थोडी पेज घेतली आणि फुंकर घालत प्यायली. मग सौमित्रने बांगड्याचा तुकडा मोडला, डोळे मिटून तोंडात घातला आणि पेजेच्या घोटाबरोबर उतरवला.

“बरो लागता?” आजीने विचारलं.

“छान आहे,” तो म्हणाला. आणि लगेच जीभ चावली. “नाही आजी. खारट आहे. मला सवय नाही. पण आणखी वाढा.”

आजी पुन्हा हसली. तिने त्याला वाढलं, मला वाढलं. आणि मग स्वतःच्या वाडग्यातही पुन्हा पेज घेतली. सौमित्र तिकडे बघत नसल्यासारखं दाखवत होता, पण तिच्या प्रत्येक घोटाकडे त्याचं लक्ष होतं. मला इतका आनंद झाला होता की मी उगाच चटणीची तारीफ करत राहिलो.

निघताना आजीने एका स्टीलच्या वाटीत पेज भरली, वर ताटली झाकली. वाटीवर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं.

“आक्काक दी. आणि माजी वाटी परत आणून दी.”

“देतो,” सौमित्र म्हणाला. त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

“फाल्या येतलस?”

“उद्या येतो.”

दाराला तिने कडी लावली नाही.

चढण उतरेपर्यंत त्याची योजना तयार झाली. आक्कांनी मला ज्यासाठी पाठवलं होतं ते काम माझ्याकडून झालं नाही, कारण पेज सांडू नये म्हणून तो वाटीकडे बघत चालत होता आणि बोलणं काही थांबवत नव्हता.

आक्का पेज प्यायल्या. तो त्यांच्यापुढे बसून सांगत होता.

“रोज वाडीतल्या एका घरी चूल पेटेल. ज्याच्या घरी पेटेल, तो त्या दिवशीचा यजमान. बचत गटाच्या बायका त्याच्या हाताखाली, तो सांगेल ते रांधायचं. डबे राहतील, पण ते माझ्याकडून कुणाकडे जाणार नाहीत. ते या घरातून त्या घरात जातील. आणि परत काय येईल, ते मी बघणारसुद्धा नाही.”

“चांगलं आहे,” आक्का म्हणाल्या.

तो खुलला.

“सुभद्रेला विचारलंस?”

“अजून नाही.”

“मग चांगलं आहे की नाही, हे तुला कुणी सांगितलं?”

“तुम्ही,” तो म्हणाला. आणि मग स्वतःच हसला. स्वतःला हसताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. “उद्या वाटी परत द्यायला जाईन, तेव्हा विचारतो.”

“ती नको म्हणाली तर?”

“ती काय म्हणेल ते करू.”

“ती काहीच बोलली नाही तर?”

“मग पुन्हा जेवायला मागीन.”

“आणि बाकीची दारं?”

“तिथेही मागीन. एकेका दारात. पोट बिघडलं तरी चालेल.”

आक्कांनी मान हलवली. त्या वाटी घेऊन मोरीकडे गेल्या.

सौमित्रच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं.

“शनिवारचं काय करू, आक्का? ट्रस्टची माणसं सकाळच्या गाडीने उतरणार. कुडाळला हॉटेलात नाश्ता, मग स्वयंपाकघर, मग डबे भरतानाचे फोटो, असं सगळं ठरलं होतं. आता माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच उरलं नाही. डबे परत येताहेत, लेबलं खरवडायची आहेत. एका म्हातारीने पेज प्यायली, एवढंच. त्यांनी पैसे थांबवले, तर बचत गटाच्या बायकांना मी काय सांगू? मी हे करणारच आहे, पैसे असोत-नसोत. पण त्यांना मी काय दाखवू?”

आक्का वाटी धूत होत्या.

“काही दाखवू नकोस.”

“मग?”

“नाश्ता रद्द कर. त्यांना उपाशीच वाडीत घेऊन जा.”